जावयाची वाटी

“डाव घाल,” मामा म्हणाले.

शिवाप्पानं टाकीत डाव बुडवला आणि वर उचलला. डावातलं दूध पुन्हा टाकीत पडलं, जसंच्या तसं, पातळ. आदल्या संध्याकाळी विरजण लावलेलं बाराशे लिटर दूध सकाळी नऊ वाजता दूधच होतं. हा सलग सहावा दिवस.

“आजबी लागलं न्हाई, मालक,” शिवाप्पा म्हणाला.

“ते दिसतंय मला. डोळं हायती.”

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव. येरळा नदीच्या काठी त्यांची चांदणी डेअरी होती. पहिल्या म्हशीचं नाव चांदणी, तेच डेअरीचं. आसपासच्या गावांत दसऱ्याला जे श्रीखंड खाल्लं जाई, त्यातलं निम्मं तरी ह्या डेअरीच्या चक्क्याचं असे. आणि दसरा आला होता तीन आठवड्यांवर.

त्या वर्षी अश्विन अधिक आला होता आणि मी धोंड्याच्या महिन्याचा जावई होतो. जावयानं धोंड्याला एखाद-दुसरा दिवस यावं, पुरणाचे धोंडे खावेत, तेहतीस अनारसे घ्यावेत आणि आपल्या घरी जावं, अशी रीत. मला येऊन अठरा दिवस झाले होते. अनारसे तीनदा संपून चौथ्यांदा तळायला घेतले होते. “कंपनीनं साठलेली रजा एकदम दिली,” असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की नाशिकच्या ज्या पंपाच्या कंपनीत मी विक्री बघायचो, ती गणपतीतच बंद पडली होती. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, माझी बायको वैजू हिलासुद्धा नाही. रोज सकाळी सहाला उठून, अंघोळ करून, बूट घालून मी तयार व्हायचो आणि मग जायचं कुठे हा प्रश्न पडायचा. म्हणून मी डेअरीत जायचो.

डेअरीत माझी फेरी ठरलेली असे. आधी चक्क्याची खोली. तिथं फडक्यात बांधलेलं दही दांडीला टांगलेलं असे आणि त्याचं हिरवट पाणी खाली बादल्यांत ठिबकत असे. एकेका गाठोड्यात बोट घालून मी चव बघायचो, “वा” म्हणायचो, आणि पुढच्याकडे वळायचो. तिथून विरजणाच्या खोलीत. तिथं उद्याच्या टाकीसाठी विरजण तयार व्हायचं. “दूध कोमट आहे ना?” असं विचारून मी बोट बुडवून खात्री करून घ्यायचो. मग दोन सूचना करायचो. कामगार माना डोलवायचे. मी गेलो की ते काय बोलत असतील ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

टाकीतलं दही लागेना झालं, नुसतं पातेल्यांतलं थोडंफार लागून चक्क्याला टांगलं जाऊ लागलं, तेव्हा मी कंबर कसली. म्हटलं, हीच संधी. एक डायरी घेतली आणि चौकशी सुरू केली. गवळ्यांना विचारलं की म्हशी काय खातात. रखवालदाराला विचारलं की म्हशींनी खाल्लेलं तू पाहिलंस का. टाकीला थंडी वाजत असेल म्हणून सासूबाईंच्या दोन गोधड्या आणून गुंडाळल्या. दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या. एका कामगाराचा ट्रान्झिस्टर फार कर्कश वाजतो आणि दुधाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, असा एक निष्कर्षही काढला. मामांनी तो ट्रान्झिस्टर कपाटात ठेवला आणि मला विचारलं, “जावईबापू, रजा कवापातूर हाय म्हनला?”

“आहे अजून,” मी म्हणालो.

डायरीच्या शेवटच्या पानावर मी एक नाव लिहिलं होतं: शिवाप्पा. एकोणीस वर्षं तो दह्याचं काम करत होता. चड्डी, बंडी, डोक्याला पांढरं फडकं, आणि दिवसातून चाळीस वेळा हात धुण्याची खोड. कामगार म्हणायचे की शिवाप्पाच्या हाताला गुण आहे. आता तेच म्हणू लागले होते की गुण गेला. अलीकडे त्यानं मिशांना कलप लावला होता, आणि त्या कलपाचा वास दुधाला सहन होत नसावा, अशी माझी नोंद होती. खोटं कशाला बोलू? शिवाप्पाच्या खुर्चीवर माझा डोळा होता. ती जागा रिकामी झाली तर मामा मला म्हणतील, “उल्हासराव, तुमीच बघा आता,” आणि मला नाशिकला परतायचं कारण उरणार नाही, असा सगळा हिशेब मी अंघोळ करताना मांडलेला होता.

सातव्या दिवशी मुजावरमॅडम मिरजेहून परतल्या. शबनम मुजावर, डेअरीच्या तपासनीस. वय पंचविशीचं, बोलणं मोजकं. दुधाचे नमुने घेऊन त्या आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. ऑफिसात मामा, शिवाप्पा, मी आणि माझ्या मांडीवर अनारशांची बशी, एवढे जमलो. मॅडमनी टेबलावर एक काचेची चपटी डबी ठेवली. आत पांढुरका थर होता, आणि त्या थरात जागोजाग गोल टक्कल पडलेलं होतं, डोक्याला चाई लागावी तसं.

“हा पांढरा थर म्हणजे आपल्या दह्याचे जंतू,” मॅडम म्हणाल्या. “आणि ही भोकं आहेत तिथले जंतू मेलेत. त्यांना विषाणूनं धरलंय.”

“जंतूंला रोग झालाय?” मामा म्हणाले.

“हो.”

“आरं तिच्या! आमाला जंतूमुळं रोग हुतो, आनि आता जंतूंलाबी?”

“दह्याचा एक जंतू म्हणजे एकच पेशी, मालक. एका खोलीचं घर समजा. दूध खायचं, आंबट करायचं, आणि आपल्यासारखीच आणखी घरं उभी करायची, एवढं त्याचं काम. विषाणूला ह्यातलं काहीच जमत नाही. त्याला तोंड नाही, पोट नाही. नुसता पडून असतो. पण ज्या घराच्या भिंतीवर त्याचे पाय बरोबर बसतात, तिथं तो चिकटतो, भिंतीला भोक पाडतो आणि एक चिठ्ठी आत सोडतो.”

“कसली चिठ्ठी?”

“हुकमाची. आपलं काम सोडा आणि माझ्यासारखे बनवा. मग चूल घरची, भांडी घरची, सामान घरचं, आणि शिजतं ते विषाणूचं. तासाभरात घर फुटतं. शंभर-दीडशे नवे विषाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या घरांवर जाऊन बसतात. सकाळपर्यंत टाकीत घरच उरत नाही. मग दूध आंबवणार कोण?”

“पर घर त्येला चिकटू कशाला देतंय?” शिवाप्पानं कळवळून विचारलं.

“भिंतीवर ज्या कड्या असतात ना, त्या घराला स्वतःलाच लागतात. नेमक्या त्याच हा धरतो. काढून टाकाव्या तर घराचंच अडतं. नाही कसं म्हणणार?”

मामांनी डबी उचलून उजेडाकडे धरली. “म्हंजी सोता हातपाय हलवायचं न्हाईत. दुसऱ्याच्या घरात ठाण मांडायचं. समद्यांस्नी आपल्या तैनातीला जुंपायचं. आनि खाऊन खाऊन घर फोडायचं.”

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मॅडम छताकडे बघत होत्या आणि शिवाप्पा आपल्या पायांकडे.

“काय निर्लज्ज जात आहे!” मी म्हणालो आणि चौथा अनारसा उचलला.

मामांना खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, “त्यो आपल्याकडं येतोय कुठनं?”

“चक्क्याच्या पाण्यात तो भरपूर असतो,” मॅडम म्हणाल्या. “तिथं असला तर फारसं बिघडत नाही, दही झालेलंच असतं. पण तिथून तो विरजणाच्या खोलीत गेला की संपलं. कुणीतरी त्याला ह्या खोलीतून त्या खोलीत नेतंय. रोज.”

“दोन्ही खोल्यांत शिवाप्पाच असतो,” मी लगेच म्हणालो आणि डायरी उघडली.

मामांनी शिवाप्पाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नसावं. “शिवाप्पा, मी काय म्हनत न्हाई. पर तुझ्यामुळं असंल तर तुला दह्यापासनं लांब ठिवावं लागंल. पेंडीच्या गोदामात जावं लागंल.”

“व्हय, मालक,” शिवाप्पा म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, “आधी तपासू या. उद्या सकाळी कामाच्या ऐन मध्यात, न सांगता, सगळ्यांचे हात थोड्या पाण्यात बुडवून घेते. प्रत्येकाच्या नावाची एक वाटी. वाटीत दूध, प्रयोगशाळेतलं स्वच्छ विरजण आणि त्याच्या हाताचं चमचाभर पाणी. ज्याच्या वाटीत दही लागणार नाही, त्याच्या हातून विषाणू येतोय.”

“उत्तम!” मी टेबलावर हात आपटला. “माझीही वाटी लावा. जावई म्हणून सूट नको. आणि निकाल सगळ्यांसमोर लागला पाहिजे.”

“सगळ्यांसमोर?” मॅडमनी विचारलं.

“सगळ्यांसमोर. दूध का दूध.”

“बरं झालं साहेब, तुम्हीच म्हणालात,” मॅडम म्हणाल्या, जरा घाईनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी चक्क्याच्या खोलीतून ‘वा’ म्हणून बाहेर पडतोय तोच मॅडम भांडं घेऊन उभ्या. “हात घाला, साहेब.” मी ऐटीत दोन्ही हात घातले. “अंगठीसकट,” त्या म्हणाल्या. लग्नात मामांनी घातलेली अंगठी होती ती, पानाफुलांच्या खोल नक्षीची. मी ती बोटावर दोनदा फिरवून छान खळबळून दिली.

विरजणाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर नऊ स्टीलच्या वाट्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. निकाल दुपारी चार वाजता लागणार होता. सगळी डेअरी जमणार होती. सासूबाई आणि वैजू घरून येणार होत्या. वैजू तर डबाभर अनारसे वाटायला आणणार होती, मीच सांगितलं होतं.

तीन वाजता सगळे जेवून कलंडले होते तेव्हा मी एकटाच कट्ट्याशी गेलो. मनात काही वाईट नव्हतं. फक्त शिवाप्पाची वाटी आधी बघावी आणि चार वाजता म्हणायची दोन वाक्यं तयार ठेवावीत, एवढंच. मी त्याची वाटी तिरकी केली. दही तसूभरही हललं नाही. असं घट्ट दही मी त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं. दुसरी बघितली. घट्ट. तिसरी, चौथी. रखवालदाराची वाटीसुद्धा घट्ट, आणि तो माणूस दिवसभर तंबाखू मळायचा.

आठ वाट्या झाल्या. नववी माझी. मी ती तिरकी केली आणि दूध माझ्या बुटावर सांडलं.

मला आधी वाटलं, वाटीला वारा लागला असेल. ती मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरली आणि ऊब द्यायला दहा मिनिटं कट्ट्याभोवती येरझारा घातल्या. बाहेर काढली तर दूध कोमट झालं होतं, इतकंच. मग दारावरचं लिंबू दिसलं. ते तोडून मी चार थेंब पिळले. त्याबरोबर दूध फाटलं, आणि आधी जे नुसतं लाजिरवाणं होतं ते आता चोथा-पाणी होऊन संशयास्पद दिसू लागलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी माझ्या नावाची चिकटपट्टी सोडवली. शेजारच्या वाटीची पट्टी सोडवली. आणि दोन्ही उलट चिकटवल्या. शेजारची वाटी शिवाप्पाची होती. तशीही सगळ्यांना खात्री होतीच, असं मी मनाला समजावलं. मन लगेच समजलं.

चार वाजता कट्ट्याभोवती माणसं गोळा झाली. मॅडम एकेक वाटी उचलून उलटी करत होत्या. दही वाटीला धरून राहिलं की टाळ्या पडत. रखवालदारानं तर वाकून नमस्कार केला. “उल्हासराव,” मॅडमनी नाव वाचलं आणि वाटी उलटी केली. दही थेंबभर गळलं नाही. मॅडम त्या दह्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा दह्याकडे. “अरे वा,” त्या म्हणाल्या. टाळ्या सगळ्यांत जास्त मलाच पडल्या.

मग त्यांनी शेवटची वाटी उचलली आणि चोथा-पाणी सगळ्यांना दिसलं.

शिवाप्पानं आपले हात पुढे धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

“असंल, मालक,” तो म्हणाला. “वय झालं. धुतलेलं हातबी धुतलं जात नसतील.”

त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, कट्ट्यावर ठेवून चार घड्या घातल्या, आणि ते घेऊन माझ्यासमोर आला. “जावईबापू, हे तुमी ठिवा. तुमी रोज न चुकता येताय. दह्याची माया हाय तुमाला. थंडी वाढली की विरजाण जरा जास्त घालायचं, एवढं ध्यानात ठिवा.”

जी खुर्ची मी इतके दिवस मनात रंगवत होतो, ती अशी चार घड्या घालून माझ्या हातात आली.

“वाटी माझी आहे,” मी म्हणालो.

“काय?” मामा म्हणाले.

“ती फाटलेली वाटी माझी आहे. पट्ट्या मी बदलल्या. लिंबूही मीच पिळलं.”

“लिंबू?” मॅडमनी पहिल्यांदाच आवाज चढवला. “माझ्या प्रयोगात लिंबू?”

“आधी पोटाशी धरून बघितली,” मी खरं ते सांगितलं.

मॅडमनी माझ्या बोटातली अंगठी काढून घेतली आणि उजेडात धरली. पानाफुलांच्या नक्षीत पांढरट चक्का गच्च भरला होता. “मला मिरजेला जायच्या आधीच शंका होती,” त्या म्हणाल्या. “पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला ‘आत येऊ नका’ म्हणून कोण सांगणार? म्हणून नऊ वाट्या लावल्या. खरं तर मला एकच लावायची होती.”

मामांचा चेहरा लाल होत गेला. “पट्टी का बदलली?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मला परत जायला जागा नाही, मामा. नोकरी गणपतीतच गेली. वाटलं, इथं काहीतरी उपयोगाचं करून दाखवावं.” मी वैजूकडे बघायचं टाळत होतो. “हिलाही सांगितलं नाही मी.”

“मला माहीत होतं,” वैजू म्हणाली. “रजेवर आलेला माणूस पहाटे उठून बूट घालत नाही. सांगाल, सांगाल म्हणून वाट बघत होते.” ती रडत होती आणि अनारशांचा डबा घट्ट धरून होती.

मी शिवाप्पाचे पाय धरायला वाकलो. तो दोन पावलं मागे उडी मारून सरकला. “हात लावू नगा,” तो ओरडला. “आदी धुवा!”

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, मामा सोडून. मामा कट्ट्यावर बसले होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे तुमचं विषाणू समदंच घर फोडत्यात का?”

“नाही, मालक. काही आत शिरतात आणि फोडत नाहीत. घराच्या पोथीत आपलं एक पान टाचतात आणि गप्प राहतात. घर वाढेल तसं तेही वाढतात. आणि त्यांच्याच जातीचा दुसरा कुणी घरात घुसला, तर त्याची डाळ शिजू देत नाहीत.”

“कायमचं ऱ्हात्यात?”

“बहुतेक. फार छळ झाला घराचा, तर मात्र उठतात आणि फोडतात.”

“हूं,” मामा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि शिवाप्पाच्या डोक्याला स्वतः बांधलं, वेडंवाकडं. मग अंगठी खिशात टाकली आणि घरी निघून गेले. रात्री जेवताना ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतरचे तीन दिवस अख्खी डेअरी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतली गेली. मॅडमनी मिरजेहून निराळ्याच जातीचं विरजण आणलं. ह्याच्या भिंतीवर जुन्या विषाणूचे पाय बसत नाहीत, म्हणाल्या. चौथ्या दिवशी सकाळी मामांनी मला विरजणाच्या खोलीच्या दाराशी नेलं. आत नाही, दाराबाहेर. तिथं एक स्टूल होतं, नळ होता, साबण होता आणि रबरी चपलांची रांग होती.

“हितं बसायचं,” मामा म्हणाले. “हात धुतल्याबिगार, चप्पल बदलल्याबिगार कुनाला आत सोडायचं न्हाई. तुमी सोताबी जायचं न्हाई.”

मी बसलो. शिवाप्पा आला. त्यानं हात धुतले, मला दाखवले, आणि मुद्दाम पुन्हा धुतले. मॅडम आल्या, त्यांनी नखंसुद्धा दाखवली. नव्या विरजणाची पहिली टाकी आदल्या संध्याकाळी लावली होती, आणि आतून शिवाप्पा ओरडला, “मालक, लागलंऽ! दही लागलंऽ!”

मामा अंगणातून अक्षरशः पळत आले. चिखलाच्या वहाणा, हातात म्हशीचं दावं, आणि नजर सरळ आत. त्यांची डेअरी, त्यांची टाकी, त्यांचं दही. मी उठलो आणि दारात आडवा हात घातला.

“मामा, वहाणा.”

ते थबकले. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मामांनी दावं खाली टाकलं. वहाणा काढल्या. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, सावकाश, आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

“नखं,” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला.

त्यांनी हात उलटे केले. मी बाजूला झालो. आत जाता जाता ते वळले.

“उल्हास, दुपारी ताट वाढून ठिवलेलं असतंय म्हनून घरी पळत येऊ नको. उद्यापासनं डबा आनायचा, समद्यांसारखा.”